कोनशिलेनंतरची वर्षे : मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट संकुलाची बांधणी, डागडुजी आणि जतन

शिक्षणसंस्थेचा इतिहास स्मरणिकेसाठी लिहिला जातो तेव्हा तिच्या इमारतींच्या वाट्याला सहसा तीनच नोंदी येतात : पायाभरणीची तारीख, उद्घाटकाचे नाव आणि देणगीची रक्कम. या तिन्ही नोंदी इमारतीच्या आयुष्यातील पहिल्या काही वर्षांच्या असतात. त्यानंतरची शंभर-दीडशे वर्षे, ज्या काळात छपरे गळतात, पन्हळी तुंबतात, दरजांतला चुना झडतो, लाकडाला वाळवी लागते आणि कोणीतरी हे सारे वेळच्या वेळी निस्तरत राहते, ती वर्षे कोनशिलेवर येत नाहीत आणि म्हणून इतिहासातही येत नाहीत. एडवण, दांतिवरे, केळवे, माहीम, सातपाटी ते तारापूर या पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीतील मुले ज्या विद्यापीठाच्या पदव्या घेत आली आहेत, त्या मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट येथील मूळ संकुलाचा वृत्तान्त येथे या राहून गेलेल्या बाजूने मांडला आहे. सफाळ्याहून गाडीने चर्चगेटला उतरून ओव्हल मैदान गाठले की ज्या मनोऱ्याकडे दृष्टी जाते, तो राजाबाई मनोरा आणि त्याच्या शेजारचे दीक्षान्त सभागृह या दोन वास्तूंवर या वृत्तान्ताचा मुख्य भर आहे. कारण समुद्राच्या खाऱ्या हवेत आणि कोकणच्या पावसात शैक्षणिक वास्तू कशी टिकते, हा या किनाऱ्यावरील प्रत्येक शाळा-महाविद्यालयाचा प्रश्न तेथे दीड शतक आधी उभा राहिला.

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी कायद्याने अस्तित्वात आले, पण त्याला स्वतःची इमारत नव्हती, आणि आरंभीच्या कल्पनेनुसार तिची निकडही नव्हती. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालेले हे विद्यापीठ संलग्न स्वरूपाचे होते, म्हणजे शिकवण्याचे काम महाविद्यालयांनी करावे आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदव्या द्याव्यात, अशी त्याची रचना होती. १८६२ साली महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे विद्यापीठाचे पहिले पदवीधर झाले, तेव्हा समारंभासाठी शहराच्या टाउन हॉलचा आसरा घ्यावा लागला. एका छोट्या परीक्षा-कचेरीएवढी गरज असलेल्या संस्थेला अशा भव्य वास्तू लाभल्या, याचे कारण विद्यापीठात कमी आणि त्या काळच्या शहरात अधिक सापडते.

बार्टल फ्रियर हे १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते, आणि त्यांच्या कारकिर्दीत जुन्या किल्ल्याचे तट पाडण्याचे काम हाती घेण्यात आले. तट आणि त्यापुढची मोकळी जागा यांमुळे समुद्राच्या बाजूला जमिनीचा लांबलचक पट्टा उपलब्ध झाला, आणि त्या पट्ट्यावर सचिवालय, विद्यापीठ, उच्च न्यायालय, तार कचेरी अशा सार्वजनिक इमारती एका रांगेत उभारण्याची योजना झाली. याच वर्षांत अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा होऊन मुंबईच्या कापसाला अपूर्व भाव आला होता. या तेजीतून शहरात आलेल्या पैशाचा काही भाग दानाच्या वाटेने सार्वजनिक कामांकडे वळला. कावसजी जहांगीर रेडिमनी यांनी विद्यापीठाच्या सभागृहासाठी एक लाख रुपये दिले. मूळचे सुरतेचे असलेले व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये ग्रंथालयासाठी दोन लाख आणि लगोलग आपल्या मातोश्री राजाबाई यांच्या नावाने मनोरा उभारण्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. राजाबाईंना दृष्टी नव्हती आणि जैन आचारानुसार सूर्यास्तापूर्वी जेवण घेण्याची वेळ त्यांना घंटानादावरून कळावी म्हणून हा मनोरा बांधला गेला, अशी आख्यायिका शहरात सांगितली जाते. १८६५ मध्ये युद्ध संपताच तेजी कोसळली, कापसाच्या आणि शेअरांच्या सट्ट्यावर उभी असलेली कितीतरी घरे बुडाली, खुद्द प्रेमचंदांनाही जबर फटका बसला. मात्र विद्यापीठाला दिलेला निधी शाबूत राहिला आणि कामे सुरू होऊ शकली. बांधकामाचा पैसा तेजीत उभा राहतो, ही गोष्ट पुढेही अनेक संस्थांच्या बाबतीत खरी ठरली आहे. देखभालीचा पैसा मात्र मंदीतही दरवर्षी लागतो, आणि त्याची तरतूद कोणत्याही देणगीपत्रात सहसा आढळत नाही.

दोन्ही वास्तूंचे आराखडे लंडनचे ख्यातनाम वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी केले. ते मुंबईत कधीही आले नाहीत; त्यांनी युरोपीय मध्ययुगातील गॉथिक शैली, म्हणजे टोकदार कमानी, उंच निमुळती शिखरे, कोरीव स्तंभशीर्षे आणि रंगीत काचांच्या खिडक्या असलेली बांधणी, आगबोटीने पाठवलेल्या कागदांवरून या हवेत उतरवली. त्या कागदांना दगडाचे रूप देण्याची जबाबदारी इथल्या सार्वजनिक बांधकाम खात्याची होती. दीक्षान्त सभागृह १८७४ मध्ये पूर्ण झाले. ग्रंथालय आणि मनोऱ्याची पायाभरणी १ मार्च १८६९ रोजी झाली आणि काम नोव्हेंबर १८७८ मध्ये संपले, म्हणजे ते जवळजवळ दहा पावसाळे चालले. ग्रंथालय आणि मनोरा या दोन्हींवर मिळून सुमारे साडेपाच लाख रुपये खर्च झाला.

या कामात असलेल्या एका मराठी अभियंत्याचे नाव आवर्जून नोंदवले पाहिजे. राजाबाई मनोऱ्याच्या वरच्या भागात कोनाकोनांवर पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे २४ पुतळे आहेत, आणि त्यांचे नमुने साहाय्यक अभियंता रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी घडवले. स्कॉट यांच्या गॉथिक वळणाच्या मनोऱ्यावर इथल्या माणसांचे चेहरे आणि पेहराव आले ते या अभियंत्याच्या हातून. खालून जाणाऱ्याला हे पुतळे नीट दिसतही नाहीत इतके उंचावर आहेत, तरीही ते बारकाईने घडवलेले आहेत, आणि कारागिराची निष्ठा कशाला म्हणावी हे त्यांवरून कळते. कोनशिलेवर आणि नामफलकांवर देणगीदार व गव्हर्नर यांना स्थान मिळाले, पण दगड फोडणारे, घडवणारे आणि चुना मळणारे शेकडो हात निनावी राहिले, हे त्या काळाला धरून असले तरी आज स्मरणिका लिहिणाऱ्याला ते सलल्यावाचून राहत नाही.

दीक्षान्त सभागृहाची लांबी १०४ फूट, रुंदी ४४ फूट आणि छताच्या शेंड्यापर्यंतची उंची ६३ फूट आहे. त्याच्या तीन बाजूंनी ओतीव लोखंडाच्या टेकूंवर तोललेला सज्जा फिरतो, एका टोकाला अर्धवर्तुळाकार मंचस्थान आहे आणि दुसऱ्या टोकाला बारा राशींची चिन्हे असलेली मोठी वर्तुळाकार रंगीत खिडकी आहे. ग्रंथालयाच्या इमारतीतून वर निघालेला मनोरा २८० फूट, म्हणजे सुमारे ८५ मीटर उंच असून त्याचा तळ हीच ग्रंथालयाच्या प्रवेशद्वाराची देवडी आहे. दोन्ही वास्तूंच्या कोपऱ्यांवर उघडे, वळत वर जाणारे दगडी जिने आहेत. असे जिने, खोल व्हरांडे आणि दुहेरी कमानी पाहिल्यावर लक्षात येते की गॉथिक शैली येथे जशीच्या तशी आलेली नाही. पश्चिमेची तिरीप आणि पावसाची झड अडवण्यासाठी तिला व्हरांड्याची जोड देण्यात आली. एडवण-केळव्याच्या घरांना पावसाळ्यापूर्वी पश्चिमेच्या अंगाला झावळ्यांचे झाप बांधण्याची जी रीत होती, तिच्यामागे हीच गरज होती.

बांधकामाच्या साहित्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण पुढच्या सर्व डागडुजीचे यश-अपयश त्यावरच ठरते. भिंतींसाठी कुर्ल्याच्या खाणींतील पिवळसर दगड आणि कोरीव कामासाठी पोरबंदरचा मऊ चुनखडी दगड वापरण्यात आला. हे दगड सांधण्यासाठी सिमेंट नव्हे, चुना होता. चुनखडी किंवा समुद्रातील शिंपले भट्टीत भाजले की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विरवून, त्यात वाळू व विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घालून बैलांच्या घाण्यात दळला जाई. चिकटपणा आणि घट्टपणा वाढवण्यासाठी गूळ, बेलफळाचा रस किंवा हिरड्याचे पाणी मिसळण्याची रीतही आपल्याकडे जुनी आहे. असा चुना भिंतीत बसल्यावर हवेतील कर्बवायू शोषून हळूहळू पुन्हा चुनखडीचे रूप घेतो, आणि या क्रियेला कित्येक वर्षे लागतात. एडवण, कोरे, मथाणे आणि दांतिवरे येथील पोर्तुगीजकालीन लहान कोट, तसेच १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी बांधलेला भवानगड, हे दगड-चुन्याच्या कामाचे याच किनाऱ्यावरचे नमुने आहेत; छप्पर नाही, राखण नाही, तटांत वड-पिंपळ रुजलेले आहेत, तरी त्यांच्या भिंतींचे जे भाग उभे आहेत ते अजून समुद्राचा वारा सोसतात.

चुन्याचा मोठा गुण म्हणजे तो दगडापेक्षा मऊ असतो आणि त्यातून ओल ये-जा करू शकते. कुलाब्याच्या सरासरीनुसार जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातले काही पाणी कितीही जाड भिंतीत शिरतेच, आणि उघडीप मिळताच ते दरजांमधून बाहेर पडून वाळते. दरज म्हणजे दोन दगडांमधील सांधा. पाण्याबरोबर विरघळलेले मीठही दरजेवाटे बाहेर येते, दरजेतला चुना झडतो, आणि काही वर्षांनी तो खरवडून नवा भरावा लागतो. दरज अशा रीतीने स्वतः झिजते आणि दगड वाचवते. विसाव्या शतकात सिमेंट स्वस्त आणि सर्वत्र उपलब्ध झाले तेव्हा राज्यभरातील असंख्य जुन्या दगडी इमारतींच्या दरजा सिमेंटने भरण्यात आल्या, आणि येथेच सद्हेतूने केलेल्या दुरुस्तीने मोठे नुकसान केले. सिमेंटचा सांधा कठीण आणि जवळजवळ अभेद्य असतो. आत गेलेल्या ओलीला मग दगडातूनच वाट काढावी लागते, मीठ दगडाच्या पृष्ठभागाखाली साचून त्याचे स्फटिक फुगतात, आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. पोरबंदरच्या मऊ दगडावर केलेली नक्षी अशाने कायमची पुसली जाते. दरज नवी भरता येते, कोरलेला चेहरा पुन्हा तोच येत नाही. म्हणून दुरुस्तीचा माल मूळ बांधणीपेक्षा मऊ असावा, हे तत्त्व जतनशास्त्रात, म्हणजे जुन्या वास्तू मूळ रूपात राखण्याच्या शास्त्रात, पायाभूत मानले जाते.

दुसरा शत्रू छपरावर असतो, आणि त्याचे काम फार शांतपणे चालते. गॉथिक इमारतीची छपरे तीव्र उताराची आणि अनेक अंगांची असल्याने दोन उतार जेथे मिळतात तेथे खोल पन्हळ तयार होते. त्या पन्हळीत वाळलेली पाने, कबुतरांची घरटी आणि धूळ साचली की पहिल्याच जोरदार सरीत पाणी उलटून तुळयांच्या टोकांवर येते. भिंतीत रुतलेले तुळईचे टोक बाहेरून दिसत नाही, म्हणून ते कुजल्याचे लक्षात येते तेव्हा छत बसू लागलेले असते. पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेले पिंपळाचे बी अशाच एखाद्या सांध्यात रुजते. दोन पानांचे रोप असताना ते हाताने उपटता येते, पण पाच वर्षांनी मूळ भिंतीच्या पोटात गेल्यावर दगडांचे थर उकलावे लागतात. इमारतीच्या आयुष्याचा विचार केला तर पन्हळ साफ करणाऱ्या शिपायाचे काम उद्घाटकाच्या कामापेक्षा कितीतरी मोलाचे ठरते, आणि प्रस्तुत लेखाचे हे ठाम मत आहे की त्या कामाची तारीखही संस्थेच्या इतिहासात नोंदली गेली पाहिजे.

विसाव्या शतकात विद्यापीठाचे स्वरूप बदलले. परीक्षा घेणाऱ्या संस्थेला पदव्युत्तर विभाग, प्रयोगशाळा आणि वसतिगृहे यांची गरज भासू लागली, आणि हा विस्तार प्रामुख्याने सांताक्रूझजवळील कलिना येथील विद्यानगरी संकुलाकडे वळला. फोर्टमधील वास्तूंवरचा वापराचा भार त्यामुळे काहीसा हलका झाला, पण पैशाचा आणि लक्षाचा ओघही नव्या बांधकामाकडे जाणे स्वाभाविक होते. जुन्या वास्तूंना कायद्याचे संरक्षण मिळाले ते १९९५ मध्ये, बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली तेव्हा. तिच्यात इमारतींची तीन श्रेणींत विभागणी झाली. पहिल्या श्रेणीतील वास्तूंना, ज्यांत विद्यापीठाच्या या वास्तू आहेत, सल्लागार समितीच्या संमतीवाचून बाहेरून वा आतून हात लावता येत नाही. दुरुस्ती ही ठेकेदाराच्या अंदाजपत्रकापुरती बाब न राहता अभ्यासाची बाब झाली, हा या नियमावलीचा मोठा लाभ होय.

या बदललेल्या दृष्टीचे पहिले मोठे फळ म्हणजे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आभा नारायण लांबा यांच्या मार्गदर्शनाखाली झालेले दीक्षान्त सभागृहाचे जतनकार्य. त्यानंतर ग्रंथालय आणि राजाबाई मनोऱ्याचे काम हाती घेण्यात आले. इंडियन हेरिटेज सोसायटीच्या मुंबई शाखेच्या पुढाकाराने आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने दिलेल्या सुमारे ४ कोटी २० लाख रुपयांच्या साहाय्याने हे काम २०१५ मध्ये पूर्ण झाले. वास्तुविशारद ब्रिंदा सोमाया यांनी त्याची धुरा वाहिली आणि रंगीत काचांच्या जतनाची जबाबदारी स्वाती चांदगडकर यांनी सांभाळली. रंगीत काचेची खिडकी म्हणजे काचेचे लहान लहान तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवून केलेली एक प्रकारची जाळी असते; शंभर-सव्वाशे वर्षांत शिसे थकते, खिडकी आपल्याच वजनाने फुगारते आणि काचा तडकतात, म्हणून प्रत्येक तावदान उतरवून, तुकड्यांचे क्रमांक लावून, स्वच्छ करून पुन्हा नव्या शिशात बसवणे हाच तिच्या जतनाचा मान्य मार्ग आहे. ज्या मनोऱ्याचे बांधकाम मुळात दोन लाखांच्या देणगीवर सुरू झाले, त्याच्या जतनासाठी पुन्हा एका मोठ्या देणगीचीच वाट पाहावी लागली, ही बाब मात्र नजरेआड करता येत नाही. ३० जून २०१८ रोजी मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, आणि ओव्हल मैदानाच्या पूर्वेकडील विद्यापीठाच्या या वास्तू त्या समूहाचा भाग आहेत. त्याच वर्षी ग्रंथालय आणि मनोऱ्याच्या जतनकार्याची युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांतही दखल घेतली गेली.

फोर्ट संकुलाचा हा अनुभव आपल्या किनाऱ्याला लावताना एक फरक ध्यानात घ्यावा लागतो : पालघर-बोईसर परिसरातील महाविद्यालयांच्या इमारती दगड-चुन्याच्या नाहीत. त्या सलोह काँक्रीटच्या, म्हणजे लोखंडी सळ्या आत घालून ओतलेल्या काँक्रीटच्या आहेत, आणि त्यांचे आयुष्य वेगळ्या रीतीने झिजते. ताज्या काँक्रीटमधील अल्कधर्मी गुण सळईवर एक पातळ संरक्षक थर राखतो. खाऱ्या वाऱ्याबरोबर येणारे क्षार काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत झिरपले की हा थर तुटतो, सळई गंजते, गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट असल्याने बाहेरचे काँक्रीट फुटते, आणि छताचे पोपडे पडू लागतात. किनारी भागातील वातावरणाला भारतीय मानक ४५६ मध्ये तीव्र वर्गात गणले आहे आणि त्यासाठी किमान एम ३० प्रतीचे काँक्रीट व सळईवर ४५ मिलिमीटरचे आच्छादन सांगितले आहे. आच्छादन म्हणजे सळई आणि बाहेरचा पृष्ठभाग यांमधील काँक्रीटची जाडी. ओतकामाच्या वेळी सळईखाली ठेवायचे छोटे ठोकळे विसरले गेले तर ती वीस मिलिमीटरवर येते, आणि त्या एका चुकीपायी इमारतीची कित्येक वर्षे कमी होतात. त्यातच नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाच्या लहान-मध्यम धक्क्यांची मालिका सुरू झाली. पालघर जिल्हा भूकंपप्रवणतेच्या तिसऱ्या क्षेत्रात मोडतो, आणि गंजलेल्या सळईच्या खांबाला अशा धक्क्याची झळ अधिक बसते.

ज्या महाविद्यालयांच्या पहिल्या इमारतींना तीस वर्षे उलटली आहेत, त्यांच्यासाठी संरचनात्मक तपासणी, म्हणजे हातोड्याच्या ठोक्यावरून, ध्वनिलहरींवरून आणि काँक्रीटच्या नमुन्यांतील क्षारांच्या प्रमाणावरून खांब-तुळयांची खरी ताकद मोजणे, हे आता टाळता येण्याजोगे काम राहिलेले नाही. फोर्ट संकुलाच्या अनुभवावरून तिच्याबरोबर आणखी एक साधी गोष्ट लागते, ती म्हणजे इमारतीची नोंदवही. मृग नक्षत्रापूर्वी गच्चीच्या पन्हळी आणि उतरते नळ कोणत्या दिवशी साफ केले, कोणत्या वर्गात ओल दिसली आणि ती पश्चिमेच्या भिंतीतून आली की शौचालयाच्या नळातून, कोणत्या खांबाला तडा गेला आणि त्यावर लावलेली काचेची पट्टी पुढच्या पावसाळ्यापर्यंत फुटली की शाबूत राहिली, दुरुस्तीसाठी कोणता माल कोणत्या प्रमाणात वापरला, आणि ते काम करणाऱ्या गवंड्याचे व मुकादमाचे नाव काय, इतक्या नोंदी त्या वहीत दरवर्षी झाल्या तर शंभराव्या वर्षी स्मरणिका लिहिणाऱ्याला कोनशिलेवरून इतिहास जुळवत बसावे लागणार नाही, आणि त्या इमारतीच्या मुकुंद रामचंद्रांबरोबर तिच्या गवंड्यांचीही नावे त्याला मिळतील.